पैलवान सुटला, पण वस्ताद कुठं होता?

वाचकहो, जत्रेच्या मैदानात तुम्ही हे पाहिलं असेल. चार-पाच वर्षं मातीत न उतरलेल्या एखाद्या जुन्या नामांकित पैलवानाचं नाव एकाएकी पुकारलं जातं. हलगी घुमते, माणसं टाचा उंचावून बघतात, पैलवान शड्डू ठोकतो. समोर जोड मात्र अशी लावलेली असते की निकाल शेंबड्या पोरालाही ठाऊक. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कुस्ती चितपट. मग फेटा, नारळ, इनाम. मैदान सुटल्यावर जाणती म्हातारी माणसं तंबाखू मळत एकमेकांना एवढंच विचारतात, "ताकद हाय रं, पण डाव कुठं हाय?"

१९ ऑगस्ट १९९५ च्या रात्री अमेरिकेत लास वेगास या जुगाराच्या शहरात अशीच एक जोड लागली होती. एका बाजूला माईक टायसन, जगातला एके काळचा सर्वांत भयंकर हेवीवेट मुष्टियोद्धा, पाच महिन्यांपूर्वीच तुरुंगातून सुटलेला. दुसऱ्या बाजूला पीटर मॅकनीली नावाचा मॅसॅच्युसेट्सकडचा गडी. लढत चालली एकोणनव्वद सेकंद. चुलीवरच्या चहाला उकळीही फुटत नाही एवढ्या वेळात. आणि या एकोणनव्वद सेकंदांसाठी टायसनला मिळाले अडीच कोटी डॉलर. त्या वेळचा डॉलर ३१-३२ रुपयांच्या घरातला, म्हणजे आपले जवळजवळ ऐंशी कोटी रुपये.

तुम्ही म्हणाल, ग्रामीण पानावर हा साता समुद्रापलीकडचा ठोसेबाज कशाला आणलात? ऊस, दूध, पाण्याची पाळी सोडून हे काय? तर सांगतो. या माणसाची गोष्ट शहरातली वाटते, पण तिचे निम्मे खांब खेड्यात रोवलेले आहेत. तो घडला एका खेडेवजा गावात, शिक्षा भोगली मक्या-सोयाबीनच्या मुलखात, आणि सुटल्यावर जाऊन राहिला तोही ओहायो राज्यातल्या साउथिंग्टन नावाच्या खेडेगावातल्या आपल्या वाडीवर. दुसरं कारण असं, की दंडात बळ आणि मागं तुरुंग असलेला गडी घरी परतला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न आपल्या गावांनाही नवा नाही.

कॅट्सकिलची तालीम

टायसनचा जन्म ३० जून १९६६ चा, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा. वाढला तो तिथल्या ब्राउन्सव्हिल नावाच्या गरीब वस्तीत. बाप घरात नाही, आई गांजलेली. पोरगं चोऱ्यामाऱ्या करून वारंवार पोलिसांच्या हाती लागे. त्याला शौक एकच, कबुतरांचा. तो स्वतःच सांगत आला आहे, की वस्तीतल्या एका मोठ्या पोरानं त्याच्या कबुतराची मान पिरगाळली आणि त्या दिवशी त्यानं आयुष्यातली पहिली मारामारी केली. कबुतरं पाळणारे शौकीन आपल्याकडंही आहेत. त्यांना या गोष्टीचं नवल वाटणार नाही.

पुढं या पोराला सुधारगृहात टाकलं. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, शहरापासून दूर, ट्रायॉन नावाची ती शाळा. तिथल्या बॉबी स्टुअर्ट नावाच्या कर्मचाऱ्यानं, जो स्वतः मुष्टियोद्धा होता, पोराच्या हाताचं वजन ओळखलं आणि त्याला कॅट्सकिलला एका म्हाताऱ्याकडं नेलं. म्हातारा म्हणजे कस डी'अमाटो.

कॅट्सकिल हे हडसन नदीकाठचं छोटं गाव. तिथं पोलीस ठाण्याच्या माडीवर डी'अमाटोची तालीम होती. आता योगायोग बघा, ज्या पोराला पोलीस धरून नेत होते त्याची तालीम पोलिसांच्याच डोक्यावर! हा डी'अमाटो साधासुधा माणूस नव्हे. फ्लॉइड पॅटरसन हा त्याचा पट्ठा १९५६ मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला होता. म्हाताऱ्याला स्वतःची पोरंबाळं नव्हती. कमिल इवॉल्ड या बाईंसोबत तो एका मोठ्या जुन्या घरात राही, आणि पोरं तिथंच ठेवून घेई. आपल्याकडं वस्तादाच्या नजरेखाली पोरं तालमीतच झोपतात, दूध-थंडाई तिथंच, तसंच म्हणा ना. टायसनची आई वारली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मग कायद्यानंही डी'अमाटोच त्याचा पालक झाला.

आता त्याची शिकवण थोडी बारकाईनं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. टायसन हेवीवेटच्या मानानं बुटका, पाच फूट दहा इंचांच्या आसपास. समोरचे सहा-सव्वासहा फुटांचे. लांब हाताच्या माणसाशी लांबून लढायचं तर मार खावा लागणार. म्हणून डी'अमाटोनं दोन्ही मुठी गालाला चिकटवून ठेवायला शिकवलं. डोकं क्षणभरही एका जागी ठेवायचं नाही, डावीकडं-उजवीकडं-खाली, सतत. ठोसा डोक्यावरून गेला की आत शिरायचं आणि एक नव्हे, तीन-चार ठोसे जोडून मारायचे. सरावाच्या पोत्यावर शरीराच्या जागांना आकडे दिलेले असत. आकडा पुकारला की त्या जागी ठोसा. हजारदा, दहा हजारदा. भीतीबद्दलही म्हातारा सांगे, की ती विस्तवासारखी असते, चुलीत ठेवली तर भाकरी भाजते, मोकळी सुटली तर घर जाळते.

ध्यानात घ्या, या पद्धतीत ताकदीपेक्षा सराव जास्त. ताकद माणसाजवळ राहते. डोकं हलवायची ती सवय रोज घासली नाही तर गंजते. विळ्याचं पातं आणि कोयंडा यांतला फरक शेतकऱ्याला सांगायला नको.

डी'अमाटो ४ नोव्हेंबर १९८५ ला वारला. त्यानंतर वर्षभरानं, २२ नोव्हेंबर १९८६ ला, टायसननं ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत लोळवलं आणि वीस वर्षं चार महिन्यांचा हा पोरगा इतिहासातला सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. वस्तादानं तो दिवस पाहिला नाही. जून १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्ससारखा तोवर अजिंक्य राहिलेला मल्ल त्यानं एक्याण्णव सेकंदांत झोपवला. तो टायसनच्या लढतीचा कळस.

कानाडोळा

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि ती वस्तादाच्या विरोधातली आहे.

डी'अमाटोच्या तालमीत टेडी ॲटलस नावाचा तरुण मदतनीस प्रशिक्षक होता. टायसन त्याच्याही हाताखाली तयार होत होता. ॲटलसनं पुढं जाहीरपणे सांगितलं आहे, की १९८२ मध्ये टायसननं त्याच्या नात्यातल्या एका अल्पवयीन मुलीशी गैरवर्तन केलं, तेव्हा आपण पिस्तूल घेऊन टायसनला धमकावलं. धमकावणं काही बरोबर म्हणता येणार नाही. पण मग तालमीतून गेलं कोण? ॲटलस गेला. टायसन राहिला. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, त्याला मरायच्या आधी आणखी एक जगज्जेता घडवायचा होता.

वाचकहो, ही रीत तुम्हाला ओळखीची वाटली तर दोष माझा नाही. गावाचं नाव काढणारा पैलवान कुणाच्या मुलीची वाट अडवतो, आणि चार प्रतिष्ठित माणसं रात्री मुलीच्या बापाच्या घरी जाऊन "पोरगं उद्या मैदान मारणार हाय, आता गप बसा" असं सांगून येतात. मुठीवर ज्यांचं काही अवलंबून असतं ते मुठीला कधी 'नाही' म्हणत नाहीत. टायसनच्या बाबतीत डी'अमाटोपासून पुढच्या प्रत्येकानं हेच केलं, आणि डी'अमाटोनंतर तर निदान सराव तरी करून घेणारं कुणी उरलं नाही. व्यवस्थापक जिम जेकब्स १९८८ च्या मार्चमध्ये वारला. डी'अमाटोच्या तालमीतलाच प्रशिक्षक केव्हिन रूनी त्याच वर्षाअखेर काढून टाकला गेला. त्या जागी आला डॉन किंग, उभ्या केसांचा, मोठ्या आवाजाचा मैदान भरवणारा. हा किंगही तुरुंग पाहून आलेला. एका माणसाच्या मृत्यूबद्दल जवळजवळ चार वर्षं आत होता, आणि बाहेर येऊन त्यानं १९७४ ची अली-फोरमन लढत भरवून दाखवली होती. धंदा कसा करावा हे त्याला पक्कं ठाऊक. पोत्यावरचे आकडे पुकारणं हा त्याचा धंदा नव्हता.

११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसनं टायसनला दहाव्या फेरीत खाली पाडलं तेव्हा जग थक्क झालं. तुरुंगाला अजून दोन वर्षं होती. म्हणजे गंज आधीच चढला होता, हे विसरू नका.

जुलै १९९१ मध्ये इंडियानापोलिस शहरात सौंदर्यस्पर्धेसाठी आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीवर त्यानं बलात्कार केल्याचा खटला चालला. १० फेब्रुवारी १९९२ ला पंचमंडळानं म्हणजे ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. मार्चमध्ये शिक्षा झाली दहा वर्षांची, त्यातली चार तहकूब, म्हणजे प्रत्यक्षात सहा. अपिलातही निकाल कायम राहिला. आपण हा गुन्हा केलाच नाही असं टायसन तेव्हाही म्हणाला आणि पुढंही म्हणत राहिला, तेही इथं नमूद करतो. मुलीचं नाव अमेरिकेतल्या पत्रांनी छापलं. आपण छापत नाही.

फाटकाबाहेर

चांगल्या वर्तणुकीची सूट धरून तीन वर्षांनी, २५ मार्च १९९५ च्या सकाळी, प्लेनफील्ड या गावच्या तुरुंगातून तो बाहेर आला. डोक्यावर पांढरी टोपी. आत असताना त्यानं इस्लाम स्वीकारला होता. पहिल्यांदा तो जवळच्या मशिदीत गेला, नमाज पढला, आणि मग ओहायोतल्या आपल्या वाडीकडं रवाना झाला. आत असताना त्यानं बरीच पुस्तकं वाचली होती, अंगावर तुरुंगातच गोंदवून घेतलं होतं. माणूस बदलला, असं अनेकांनी लिहिलं. बदलला असेलही. पण फाटकाबाहेर डॉन किंग हजर होता.

जूनमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत त्याचं जंगी स्वागत करायचं ठरलं. मिरवणूक, भाषणं, सगळं. आणि त्याच वस्तीतल्या काही बाया-माणसांनी उभं राहून विरोध केला. आपलाच माणूस, गोऱ्यांच्या कोर्टानं धरलेला, म्हणून डोक्यावर घ्यायचा का, आणि मग आपल्याच पोरींना काय सांगायचं, असा त्यांचा सवाल होता. मेणबत्त्या घेऊन ते रस्त्यावर उतरले. आपल्याच लोकांचे बोल त्यांना खावे लागले. मिरवणूक अखेर बारगळली, कार्यक्रम छोटा झाला.

मला या सगळ्या गोष्टीत कुणाचं कौतुक वाटत असेल तर या माणसांचं. शिक्षा भोगलेल्याला काम करून पोट भरायचा हक्क आहे, तो कुणी नाकारला नव्हता. टायसनचं काम ठोसे मारायचं, त्यानं ते करावं. पण कामावर परत घेणं वेगळं आणि हार घालून वेशीतून मिरवणं वेगळं. या दोहोंतला फरक हार्लेमच्या त्या मूठभर माणसांनी सांगितला, तोही घरच्याच माणसाबद्दल. परक्याबद्दल कुणीही बोलतं.

एकोणनव्वद सेकंद

आता ती लढत. पीटर मॅकनीलीचा हिशेब कागदावर झकास होता, ३६ विजय आणि एक हार. पण हे ३६ कुणाविरुद्ध, हे विचारलं की उत्तर अवघड. गंमत म्हणजे त्याचा बाप टॉम मॅकनीली १९६१ मध्ये जगज्जेतेपदासाठी लढला होता, आणि त्याला चौथ्या फेरीत आडवा केला होता तो फ्लॉइड पॅटरसननं, म्हणजे डी'अमाटोच्याच पट्ठ्यानं. तालमीचं वैर दोन पिढ्यांचं म्हणायचं!

घंटा झाली. मॅकनीली बैलासारखा धावून गेला आणि काही सेकंदांतच खाली बसला. उठला, पुन्हा भिडला, पुन्हा पडला. दुसऱ्यांदा उठला तोच त्याचा व्यवस्थापक दोऱ्या ओलांडून रिंगणात शिरला. नियमानं मॅकनीली बाद. लोकांनी आरडाओरडा केला. दूरचित्रवाणीवर ही लढत पाहायला पंधरा लाखांच्या आसपास घरांनी प्रत्येकी चाळीस-पन्नास डॉलर मोजले होते. त्या व्यवस्थापकावर खूप टीका झाली. मला ती पटत नाही. आपलं पोरगं धडधाकट घरी न्यायचं एवढं एकच काम त्याला होतं आणि ते त्यानं केलं. जोड ज्यांनी लावली त्यांना बोल लावायचा.

कारण ही कुस्ती नुरा नव्हती. ठोसे खरे होते, पडणं खरं होतं. खोटी होती ती जोड. टायसननं स्पर्धेची शेवटची लढत खेळली होती २८ जून १९९१ ला. मध्ये चार वर्षं गेलेली. एकोणनव्वद सेकंदांत चार वर्षांचा गंज उतरला की नाही, हे कसं कळणार?

यापुढचा क्रम बघा. डिसेंबर १९९५ मध्ये फिलाडेल्फियात बस्टर मॅथिस धाकटा, तिसऱ्या फेरीत बाद. मार्च १९९६ मध्ये थेट किताबाची लढत, इंग्लंडचा फ्रँक ब्रुनो, तिसऱ्याच फेरीत बाद. हा ब्रुनो १९८९ मध्येच एकदा टायसनकडून हरलेला. सप्टेंबर १९९६ मध्ये ब्रूस सेल्डन, एकशे नऊ सेकंद. म्हणजे सुटल्यापासून दीड वर्षात चार लढती, चारही मिळून आठ फेऱ्यासुद्धा पुऱ्या नाहीत, आणि कमरेला दोन संघटनांचे दोन पट्टे! लेनॉक्स लुईस नावाचा खरा तगडा मल्ल आव्हान देऊन उभा होता, तर त्याला चाळीस लाख डॉलर देऊन बाजूला थांबवलं आणि पुढं एक पट्टाही सोडून दिला. पैलवानाला न लढण्याचे पैसे! आपल्याकडच्या मैदानात असं झालं असतं तर लोकांनी चपला फेकल्या असत्या.

याच्या उलट जॉर्ज फोरमनची गोष्ट ठेवून बघा. फोरमन तुरुंगात गेला नव्हता, पण १९७७ मध्ये खेळ सोडून धर्मोपदेशक झाला होता. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, पोट सुटलेला, चाळिशीला टेकलेला तो परत आला. लोक हसले. त्यानं गुमान चार वर्षांत चोवीस लढती खेळल्या, त्यातले बरेच सामान्य गडी होते हे खरं, पण चोवीस म्हणजे चोवीस. मग १९९१ मध्ये किताबासाठी होलीफील्डशी भिडला, बाराही फेऱ्या उभा राहून गुणांवर हरला. पुन्हा लागला कामाला. नोव्हेंबर १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून जगज्जेता झाला. टायसन तेव्हा तुरुंगात होता. फोरमनला घाई नव्हती, टायसनला होती, किंवा टायसनच्या भोवतीच्यांना होती.

आणि अली? त्याची साडेतीन वर्षं युद्धावर जायला नकार दिला म्हणून हिरावली गेली. १९७० मध्ये परतला तेव्हा पायातली ती चपळाई पूर्वीची नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रेझरकडून हरला. पण त्यानं खेळ बदलला, मार सोसून समोरच्याला दमवायला शिकला, आणि १९७४ मध्ये फोरमनला त्याच युक्तीनं हरवलं. त्याचा वस्ताद अँजेलो डंडी शेवटपर्यंत कोपऱ्यात होता. टायसनच्या कोपऱ्यात मात्र आता कॅट्सकिलच्या घरातला जुना सोबती जे ब्राइट उभा होता, त्याचं ऐकायचं की नाही हे टायसनच ठरवणार.

९ नोव्हेंबर १९९६ ला इव्हँडर होलीफील्ड समोर आला. चौतीस वर्षांचा, वर्षापूर्वीच रिडिक बोकडून पाडला गेलेला, मध्यंतरी हृदयाच्या तक्रारीवरून काही काळ बाहेर बसलेला. सट्टेबाजांनी त्याला मोडीत काढलं होतं. पण होलीफील्ड मागं हटला नाही. टायसन आत शिरला की त्याला दोन्ही हातांनी ढकलून मागं रेटायचा. टायसन एक ठोसा मारी आणि थांबे. ते डोकं हलवणं नाही, ते तीन-चार ठोसे जोडणं नाही. सहाव्या फेरीत टायसन खाली बसला, अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. एकोणनव्वद सेकंदांनी जे झाकलं होतं ते अकरा फेऱ्यांनी उघडं केलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २८ जून १९९७ च्या दुसऱ्या लढतीत टायसननं होलीफील्डचा कान चावला, तुकडा तोडला, आणि पुन्हा चावला. तीस लाख डॉलर दंड, परवाना रद्द. भीतीचा विस्तव चुलीबाहेर पडला होता.

त्यानंतर

त्यानंतरचं फार लांबवत नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात परवाना परत मिळाला. १९९९ मध्ये मोटारीच्या किरकोळ धडकेवरून दोघांना मारल्याबद्दल पुन्हा साडेतीन महिने तुरुंग. सुटल्यावर पुन्हा लढती. ज्या लुईसला पैसे देऊन थांबवलं होतं त्याची गाठ अखेर ८ जून २००२ ला मेम्फिसमध्ये पडली आणि आठव्या फेरीत टायसन पाठीवर पडला. हे दोघं पोरं असताना, १९८४ मध्ये, कॅट्सकिलच्या त्याच माडीवर सरावाला एकमेकांशी भिडले होते.

२००३ मध्ये त्यानं दिवाळं जाहीर केलं. तीस कोटी डॉलरच्या वर कमाई झालेला माणूस, अंगावर दोन कोटींच्या वर देणं. डॉन किंगवर त्यानं दहा कोटी डॉलरचा दावा लावला होता, तो २००४ मध्ये एक कोटी चाळीस लाखांवर मिटला. वकील, देणेकरी, कर यांतून हाती काय लागलं असेल ते ऊसबिलातून कपाती झाल्यावर उरलेली रक्कम पाहिलेल्यानं समजून घ्यावं. ११ जून २००५ ला केव्हिन मॅकब्राइड नावाच्या सामान्य गड्यासमोर सहा फेऱ्यांनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही, आणि आता आपल्यात लढायची इच्छा उरली नाही असं त्यानं स्वतःच सांगितलं. माझ्या मते तुरुंगानंतरच्या दहा वर्षांत त्यानं केलेली सर्वांत खरी गोष्ट ती.

मग काय केलं? रंगमंचावर एकट्यानं उभं राहून स्वतःची कहाणी सांगितली, सिनेमात दिसला. २०११ मध्ये कबुतरांच्या शर्यतींवरची त्याची मालिका दूरचित्रवाणीवर आली. त्याच वर्षी मुष्टियुद्धातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतही त्याचं नाव गेलं. २०१८ मध्ये तो मुंबईत आला होता, एका मार्शल आर्ट लीगच्या उद्घाटनाला, तेव्हा त्याला पाहायला झुंबड उडाली. हार्लेमसारखा सवाल विचारायला तिथं कुणी उभं राहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

१५ नोव्हेंबर २०२४ ला अठ्ठावन्न वर्षांचा टायसन टेक्सासमध्ये पुन्हा रिंगणात उतरला. समोर जेक पॉल, सत्तावीस वर्षांचा, व्हिडिओ करून नाव कमावलेला पोरगा. फेऱ्या आठ, त्याही तीन नव्हे तर दोन-दोन मिनिटांच्या. नेहमीपेक्षा जाड हातमोजे. त्या वर्षी मे महिन्यात टायसनला जठराच्या व्रणाचा त्रास होऊन लढत पुढं ढकलावी लागली होती. या वेळी जोड उलटी लागली होती. १९९५ मध्ये मॅकनीली ज्या कामाला आणला होता त्या कामाला आता टायसन आणला होता. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं बऱ्या काढल्या, तिसरीपासून पाय जड झाले. तिन्ही पंचांनी पॉलला विजयी केलं. मधूनमधून टायसन स्वतःचाच हातमोजा दातांत धरत होता, ती आपली सवय असल्याचं त्यानं नंतर सांगितलं. दोन दिवसांत त्यानं लिहिलं, की जूनमध्ये आपण मरणाच्या दारात होतो, रक्त चढवावं लागलं होतं, आणि आपल्या वयाच्या निम्म्या गड्यासमोर आठ फेऱ्या उभं राहिलेलं आपल्या मुलांनी पाहिलं, हे आपल्याला पुरेसं आहे.